विचारल्याशिवाय न दिसणारी पाने

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानाच्या निमित्ताने जाणे झाले. कार्यक्रम संपल्यावर तेथील शाळेचे विज्ञानशिक्षक आपली एक अडचण घेऊन आले. त्यांच्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षे खपून आसपासच्या पाच गावांतील ६१२ झाडांची नोंद केली होती. प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, खोडाचा घेर, फुलण्याचे महिने, गावातील जुन्या माणसांनी सांगितलेले उपयोग असे सारे त्यात होते. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने या नोंदींचे संकेतस्थळ विनामूल्य तयार करून दिले. गाव निवडायचे, झाडाचे नाव लिहायचे, ‘शोधा’ हे बटण दाबायचे, की माहिती पडद्यावर हजर.

“पण सर, गूगलवर काहीच सापडत नाही,” शिक्षक म्हणाले. “शाळेचे नाव लिहिले तर पहिले पान तेवढे येते. वायवर्ण किंवा मेडशिंगी लिहून शोधले तर इतरांची पाने येतात, आमच्या मुलांचे एकही येत नाही. मुले विचारतात, आपली माहिती चुकीची आहे म्हणून असे होते का?”

माहिती चूक की बरोबर, याचा येथे संबंधच नव्हता. शोधयंत्राला ती माहिती कधी दिसलीच नव्हती. असे का होते, आणि ते टाळायचे कसे, हे समजून घ्यायचे तर आधी शोधयंत्र काम कसे करते ते पाहिले पाहिजे.

शोध आधीच लागलेला असतो

आपण शोधयंत्रात एखादा शब्द लिहितो तेव्हा ते त्या क्षणी जगभरातील संकेतस्थळे धुंडाळायला निघते, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे असते तर एका उत्तरासाठी कित्येक महिने थांबावे लागले असते. प्रत्यक्षात शोधयंत्राने पाने आधीच वाचून ठेवलेली असतात आणि त्यांची सूची बनवलेली असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर या सूचीतून येते.

ही सूची पाठ्यपुस्तकाच्या शेवटी असते तशीच असते. पुस्तकात ‘परासरण’ हा शब्द शोधायचा तर आपण सारे पुस्तक चाळत नाही. शेवटची सूची काढतो, त्यात ‘परासरण : ४१, ८७, १०३’ असे दिसते आणि आपण ती पाने उघडतो. शोधयंत्राच्या सूचीत पृष्ठक्रमांकांच्या जागी पानांचे पत्ते असतात, एवढाच फरक. ‘कुठल्या पानावर कोणते शब्द’ ही मूळची रचना उलटी करून ‘कोणता शब्द कुठल्या पानांवर’ अशी केलेली असते.

आता या सूचीसाठी पाने गोळा कोण करते? त्यासाठी ‘क्रॉलर’ नावाचा प्रोग्राम असतो. क्रॉलर म्हणजे रांगत जाणारा. तो एक पान मागवतो, त्यातील मजकूर सूचीसाठी देतो आणि त्या पानावर इतर पानांचे जे दुवे असतील त्यांचे पत्ते आपल्या यादीत लिहितो. मग यादीतील पुढचा पत्ता घेतो. जनगणनेचा प्रगणक रस्त्याने चालत, दारावर खूण करत पुढे जातो, तसेच हे काम. जेथे रस्ता पोहोचतो तेथे प्रगणक पोहोचतो. रस्ताच नसलेले घर मोजायचे राहून जाते.

हे तंत्र जवळजवळ वेबइतकेच जुने आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये मॅथ्यू ग्रे यांनी १९९३ साली ‘वर्ल्ड वाइड वेब वाँडरर’ हा असा पहिला प्रोग्राम लिहिला. वेब किती वाढली आहे ते मोजणे हा त्याचा हेतू होता. त्या वर्षीच्या जूनमध्ये त्याला १३० संकेतस्थळे आढळली. पुढच्या वर्षी, १९९४ च्या एप्रिलमध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन पिंकर्टन यांचे ‘वेबक्रॉलर’ सुरू झाले. पानांच्या नुसत्या शीर्षकांची नव्हे, तर संपूर्ण मजकुराची सूची त्यात होती. आरंभी तिच्यात सुमारे ४,००० संकेतस्थळांवरील पाने होती. आजच्या शोधयंत्रांचा पसारा अफाट आहे, परंतु दुव्यावरून दुव्याकडे जाण्याची मूळ पद्धत तीच आहे.

तयार पान आणि मागणीवरचे पान

सुरुवातीच्या संकेतस्थळांवरील पाने तयार करून ठेवलेली असत. पान म्हणजे संगणकावरची एक फाइल. ती मागितली की सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, ती जशीच्या तशी पाठवून देई. दुकानात चिवड्याची पाकिटे मांडून ठेवावीत तसे हे होते.

परंतु ज्या ठिकाणी माहिती मोठी आणि बदलती असते, तेथे प्रत्येक पान हाताने लिहून ठेवणे परवडत नाही. रेल्वेचे वेळापत्रक, ग्रंथालयाची पुस्तकसूची, परीक्षेचे निकाल ही त्याची उदाहरणे. अशा वेळी माहिती तक्त्यांच्या स्वरूपात, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतात. वाचकाने काही मागितले की सर्व्हरवरील प्रोग्राम डेटाबेसमधून हवी ती ओळ काढतो, ती पानाच्या साच्यात बसवतो आणि तयार झालेले पान पाठवतो. उपाहारगृहात डोसा असाच मिळतो. मागितल्यावरच पीठ तव्यावर पडते. सर्व्हरला बाहेरच्या प्रोग्रामशी जोडून अशी पाने बनवण्याची सीजीआय ही पद्धत १९९३ च्या सुमारास रूढ झाली. आज आपण पाहतो त्यांपैकी बहुतेक मोठी संकेतस्थळे मागणीवरच पाने बनवतात.

शाळेचे संकेतस्थळही याच प्रकारचे होते. ६१२ नोंदी डेटाबेसमध्ये होत्या, पण ६१२ पाने कोठेच नव्हती. कोणी विचारले की पान जन्माला येई आणि वाचून झाले की नाहीसे होई. वाचकाला यात काही गैरसोय नव्हती. अडचण होती ती क्रॉलरची, आणि ती दोन परस्परविरुद्ध प्रकारांनी येते.

पहिली अडचण : दारच नाही

क्रॉलर दुव्यावरून चालतो; प्रश्न विचारणे हे त्याचे काम नाही. शाळेच्या पहिल्या पानावर एक रिकामी चौकट आणि एक बटण होते. चौकटीत ‘वायवर्ण’ लिहावे, हे माणसाला सुचते. क्रॉलरला तेथे पुढे जाण्यासारखा एकही दुवा दिसला नाही. त्याने पहिले पान सूचीत घातले आणि तो निघून गेला.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. काही ग्रंथालयांत कपाटांपर्यंत जाता येते, तर काहींत खिडकीशी उभे राहून ग्रंथपालांकडे पुस्तक मागावे लागते. या दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथालयात एखादा मुका आणि अनोळखी पाहुणा गेला, तर त्याला खिडकीवरची पाटी तेवढी वाचता येईल. आत दहा हजार पुस्तके असली तरी त्याच्या लेखी तेथे एकही नाही.

शोधाच्या चौकटींमागे दडलेल्या अशा माहितीला मायकेल बर्गमन यांनी २००१ साली ‘डीप वेब’, म्हणजे खोलातील वेब, असे नाव दिले. गुन्हेगारीच्या बातम्यांत येणारे ‘डार्क वेब’ ते हे नव्हे. डीप वेबमध्ये ग्रंथालयांच्या सूची, संशोधनाच्या नोंदी, सरकारी दप्तरे अशी पुष्कळशी साधी आणि उपयुक्त माहिती असते.

क्रॉलरने स्वतःच चौकटी भरून पाहाव्यात, असाही प्रयत्न झालेला आहे. काही निवडक संकेतस्थळांवर आपला क्रॉलर चौकटींत शब्द भरून पाहतो, असे गूगलने २००८ साली जाहीर केले. परंतु कोणत्या चौकटीत काय लिहावे हे प्रोग्रामला अंदाजानेच ठरवावे लागते. आपली चौकट तो उघडेलच, असे धरून चालता येत नाही.

दुसरी अडचण : दारेच दारे

दुसरी अडचण याच्या नेमकी उलट आहे. समजा, चौकटीऐवजी आपण सर्व पर्याय दुव्यांच्या रूपात पानावर ठेवले. गावे ५, वनस्पतींची कुळे २०, फुलण्याचे महिने १२ आणि उंचीचे गट ३. प्रत्येकात ‘सर्व’ हा एक पर्याय वाढवला, तर होणाऱ्या जोडण्या अशा :

६ × २१ × १३ × ४ = ६,५५२

यादी नावाप्रमाणे, घेराप्रमाणे, गावाप्रमाणे किंवा नोंदीच्या तारखेप्रमाणे लावण्याची सोय दिली, की या संख्येला पुन्हा ४ ने गुणावे लागेल. म्हणजे २६,२०८ पाने झाली, आणि झाडे मात्र ६१२ च! यातील बरीच पाने रिकामी असणार आणि उरलेल्यांत त्याच त्या नोंदी पुन्हा पुन्हा येणार.

एवढ्यावर हे थांबत नाही. मागणीवरच्या पानाच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर निवडलेले पर्याय लिहिलेले असतात. सोयीसाठी पत्ता देवनागरीत लिहू :

/झाडे?गाव=३&कूळ=१२&महिना=४

यातील पर्यायांचा क्रम बदलला तरी पान तेच येते, पण क्रॉलरच्या दृष्टीने तो नवा पत्ता असतो. पाच पर्याय असतील तर एकाच पानाचे ५ × ४ × ३ × २ × १ = १२० पत्ते होऊ शकतात. काही संकेतस्थळे प्रत्येक पाहुण्याला एक क्रमांक देऊन तोही पत्त्यात जोडतात. क्रॉलर दर वेळी नवा पाहुणा ठरतो, त्यामुळे तेच पान त्याला दर वेळी नव्या पत्त्यावर भेटते. कॅलेंडरवरचा ‘पुढील महिना’ हा दुवा तर कधीच संपत नाही. क्रॉलर त्यावरून इसवी सन ३००० च्याही पुढे जाऊ शकतो. अशा जागांना क्रॉलरचे सापळे म्हणतात.

सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलविषयी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात एक मजेदार प्रसंग नोंदवला आहे. त्यांचा क्रॉलर दुव्यांवरून जाता जाता एका ऑनलाइन खेळात शिरला आणि चालू खेळात भलतेसलते संदेश उमटू लागले. समोरचा दुवा पानाचा आहे की काही कृती घडवणारा आहे, हे क्रॉलरला कळत नाही. म्हणूनच ‘ही नोंद पुसा’ यासारखी कृती साध्या दुव्यावर कधीही ठेवू नये.

कोणत्याही शोधयंत्राकडे एका संकेतस्थळासाठी अमर्याद वेळ नसतो. निरर्थक पानांत क्रॉलर गुंतून पडला, तर कामाची पाने राहून जातात. सुरुवातीची शोधयंत्रे तर पत्त्यात प्रश्नचिन्ह दिसले की बहुधा ते पान टाळतच असत. आज तसे नाही. पण प्रश्नचिन्हामागचे हे गणित बदललेले नाही.

एक नोंद, एक पत्ता, एक वाट

दोन्ही अडचणींवरचा उपाय एकाच सूत्रात सांगता येतो : प्रत्येक नोंदीला कायमचा एकच पत्ता असावा आणि त्या पत्त्यापर्यंत दुव्यांची साधी वाट असावी.

पहिली गोष्ट पत्त्याची. प्रत्येक झाडाला ‘/झाड/४५’ किंवा ‘/झाड/४५-वायवर्ण’ असा ठरावीक पत्ता द्यावा. पान आधीप्रमाणेच मागणीवर तयार होईल, डेटाबेसही तोच राहील. फक्त तो पत्ता मागितला की दर वेळी तेच पान आले पाहिजे, विचारणारा कोणीही असो. एकदा दिलेला पत्ता बदलू नये. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला सर्व्हरने ‘कायमचे स्थलांतर’ असे कळवून नव्या पत्त्यावर धाडावे. त्यासाठी ३०१ हा सांकेतिक क्रमांक ठरलेला आहे.

दुसरी गोष्ट वाटेची. शोधाची चौकट खुशाल ठेवावी, पण तिच्या शेजारी ‘सर्व गावे’ असाही दुवा असावा. त्यावरून पाच गावांची पाने, प्रत्येक गावाच्या पानावर तेथील सुमारे सव्वाशे झाडांची यादी आणि यादीतून प्रत्येक झाडाचे पान. अशा रीतीने कोणतेही झाड पहिल्या पानापासून तीन दुव्यांच्या अंतरावर येते. याऐवजी एका पानावर दहा नोंदी आणि खाली फक्त ‘पुढे’ हा दुवा ठेवला, तर ६२ पाने होतील आणि शेवटच्या पानावर पोहोचायला ६१ दुवे ओलांडावे लागतील. फांद्यांसारखी रचना साखळीपेक्षा सरस कशी, हे यातून दिसते. प्रत्येक पानावर १०० दुवे असतील, तर दोन टप्प्यांत १०,००० आणि तीन टप्प्यांत १०,००,००० पानांपर्यंत जाता येते.

तिसरी गोष्ट पत्त्यांच्या यादीची. सर्व पानांचे पत्ते एका फाइलीत लिहून ती शोधयंत्रांना देता येते. तिला साइटमॅप म्हणतात. ही पद्धत गूगलने जून २००५ मध्ये सुरू केली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. एका फाइलीत ५०,००० पर्यंत पत्ते चालतात. अधिक असतील तर अनेक फाइली कराव्यात. पान शेवटचे कधी बदलले ती तारीखही यात देता येते. मात्र साइटमॅप ही विनंती असते, सक्ती नसते. यादीत पत्ता आहे पण त्या पानाकडे जाणारा एकही दुवा नाही, अशी पाने शोधयंत्रे फारशी महत्त्वाची मानत नाहीत. म्हणून वाट हवीच.

चौथी गोष्ट जुळ्या पानांची. तीच नोंद दोन-तीन पत्त्यांवर दिसणे अटळ असेल, तर त्या सर्व पानांच्या शिरोभागात ‘माझा खरा पत्ता हा’ असे लिहून ठेवता येते. या खुणेला कॅनॉनिकल म्हणतात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये ती एकत्रितपणे मान्य केली.

पाचवी गोष्ट मनाईच्या पाटीची. ‘या भागात येऊ नये’ असे क्रॉलरला सांगण्यासाठी संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ नावाची छोटी फाइल ठेवतात. क्रॉलरांमुळे सर्व्हरवर ताण येऊ लागल्यावर मार्टिन कोस्टर यांनी १९९४ साली ही प्रथा सुचवली. मोठ्या शोधयंत्रांनी ती पाळली, पण प्रस्तावित इंटरनेट मानक म्हणून ती प्रसिद्ध व्हायला २०२२ साल उजाडले. पर्यायांच्या हजारो जोडण्या, ‘पुढील महिना’ यांसारखे सापळे या पाटीने बंद करता येतात.

येथे एक सावधगिरी हवी. ही पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य क्रॉलर ती मानतात. पण ती फाइल कोणालाही वाचता येते आणि मना केलेले पान कोणालाही उघडता येते. शिवाय मना केलेल्या पानाकडे बाहेरून कोणी दुवा दिला असेल, तर मजकूर न वाचताही त्याचा पत्ता शोधाच्या निकालात येऊ शकतो. पान निकालात नकोच असेल, तर त्या पानावरच ‘नोइंडेक्स’ ही खूण करावी आणि ती वाचता यावी म्हणून क्रॉलरला आत येऊ द्यावे. खरोखर खासगी असलेली माहिती, जसे विद्यार्थ्यांचे पत्ते किंवा पालकांचे दूरध्वनी क्रमांक, मुळात अशा संकेतस्थळावर ठेवूच नये.

सहावी गोष्ट खऱ्या उत्तराची. पान सापडले तर सर्व्हर २०० हा क्रमांक कळवतो आणि नसले तर ४०४. मागणीवरची संकेतस्थळे येथे हटकून चुकतात. ‘/झाड/९९९९९९’ असे मागितले तर पडद्यावर ‘नोंद सापडली नाही’ असे येते, पण क्रमांक मात्र २०० जातो. माणूस शब्द वाचतो, क्रॉलर आधी क्रमांक पाहतो. त्याला ते एक चांगले, भरलेले पान वाटते आणि अशा खोट्या पानांना अंत नसतो. जे नाही त्याला स्पष्टपणे ‘नाही’ म्हणावे.

मजकूर पोहोचतो का?

वाट झाली, पत्ता झाला. आता क्रॉलर पानावर पोहोचला, तर त्याला मजकूर मिळतो का? अलीकडची पुष्कळ संकेतस्थळे वाचकाकडे आधी जवळजवळ रिकामे पान पाठवतात. त्यासोबत जावास्क्रिप्ट या भाषेतील प्रोग्राम येतो, तो वाचकाच्या संगणकावर चालतो आणि मग मजकूर भरला जातो. गूगलचा क्रॉलर असे प्रोग्राम चालवू शकतो. २०१९ पासून त्यासाठी तो क्रोम ब्राउझरची अद्ययावत आवृत्ती वापरतो. परंतु हे काम पान आणल्यानंतरच्या वेगळ्या टप्प्यात होते, आणि सर्वच शोधयंत्रांचे क्रॉलर ते करतात असे नाही. त्यामुळे नोंदीचा मुख्य मजकूर सर्व्हरनेच पानात भरून पाठवणे केव्हाही उत्तम. जुन्या मोबाइलवर आणि मंद इंटरनेटवर वाचणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. २००० सालाच्या आसपास अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे वेगळे फाँट वापरत. पडद्यावर सुबक देवनागरी दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ असे. साहजिकच अशी पाने मराठी शब्दांनी सापडत नसत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असल्याने ही अडचण दूर झाली. तरीही जुन्या फाँटमधील मजकूर किंवा छापील तक्त्यांची छायाचित्रे तशीच चढवण्याची सवय अजून दिसते. नोंदी युनिकोडमध्येच असाव्यात. तसेच प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक द्यावे. ६१२ पानांवर ‘आमची झाडे’ हेच शीर्षक असेल, तर निकालात कोणते पान कशाचे, हे वाचकाला कळणार नाही.

देवनागरी पत्ता चालतो, पण तो कधी कधी विचित्र दिसतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत एका देवनागरी वर्णाला ३ बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिला जातो. ‘आंबा’ या शब्दात आ, अनुस्वार, ब आणि काना असे ४ वर्ण आहेत. पत्त्यात त्यांची ३६ चिन्हे होतात. क्रॉलरला याची अडचण नसते. छापील पत्रकात पत्ता द्यायचा असेल, तर मात्र अंकांचा छोटा पत्ता बरा.

विकिपीडियाचा धडा

हे सारे एकत्र पाहायचे असेल तर विकिपीडिया उघडावा. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या या ज्ञानकोशाचे लेख डेटाबेसमध्ये असतात आणि मीडियाविकी हा प्रोग्राम त्यांची पाने बनवतो. म्हणजे हे मागणीवरचेच संकेतस्थळ आहे. तरीही कोणत्याही विषयावर शोध घेतला की त्याचे पान बहुधा वर दिसते. यामागे लेखांचा दर्जा आणि प्रसिद्धी आहेच, पण रचनाही आहे. प्रत्येक लेखाला त्याच्या शीर्षकाचा एक पत्ता आहे. लेखातील शब्दाशब्दांतून इतर लेखांकडे दुवे जातात आणि प्रत्येक लेख कोणत्या ना कोणत्या वर्गाच्या यादीत असतो. एकाच विषयाची पर्यायी नावे असतील, तर ती पाने मूळ पत्त्याची कॅनॉनिकल खूण दाखवतात. लेखांचा इतिहास, संपादनाची पाने, शोधाचे निकाल यांची संख्या लेखांच्या कितीतरी पट आहे. ती पाने रोबॉट्स फाइलीने क्रॉलरांसाठी बंद ठेवली आहेत. शोधाची चौकट तेथेही आहे, पण लेखापर्यंत जाण्याची ती एकमेव वाट नाही.

वर्गात करून पाहा

क्रॉलरचे काम संगणकाशिवायही शिकवता येते. तीस पुठ्ठे घ्या. प्रत्येकावर एक क्रमांक, दोन ओळी मजकूर आणि खाली ‘येथून पुढे’ म्हणून दोन-तीन पुठ्ठ्यांचे क्रमांक लिहा. दहा पुठ्ठ्यांचे क्रमांक मात्र कोठेही लिहू नका. एक विद्यार्थी सर्व्हर. सारे पुठ्ठे त्याच्याजवळ. दुसरा क्रॉलर, त्याने बोलायचे नाही, फक्त वाचलेला क्रमांक कागदावर लिहून मागायचा. त्याच्या वहीत ‘पाहिलेली’ आणि ‘पाहायची’ असे दोन रकाने असावेत. खेळ संपला की ते दहा पुठ्ठे तसेच राहिलेले दिसतील. दुसऱ्या फेरीत सर्व क्रमांकांची यादी असलेला एक पुठ्ठा घाला आणि फरक पाहा. तिसऱ्या फेरीत सर्व्हरला ‘पुढील महिना’ असा नवा पुठ्ठा दर वेळी लिहून द्यायला सांगा. क्रॉलर कोठे अडकतो, हे मुलांच्या तत्काळ लक्षात येते.

स्वतःच्या संकेतस्थळाची परीक्षाही सोपी आहे. शोधाच्या चौकटीला हात न लावता, केवळ दुव्यांवर टिचकी मारत कोणत्याही नोंदीपर्यंत जाता येते का ते पाहावे. तिचा पत्ता दुसऱ्याच्या मोबाइलवर पाठवून तेच पान उघडते का, याचीही खात्री करावी. गूगल सर्च कन्सोल या विनामूल्य सोयीत आपली किती पाने सूचीत आली आणि राहिलेली का राहिली, हेही कळते.

सूचीत येणे म्हणजे निकालात पहिले येणे नव्हे. क्रम कसा लागतो हा वेगळा विषय आहे, आणि सूचीत आलेल्या पानांतूनच तो लागतो.

त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याने दोन सुट्यांच्या दिवसांत हे बदल केले. डेटाबेसमधील एक अक्षरही बदलावे लागले नाही. काही आठवड्यांनी झाडांची पाने हळूहळू निकालात दिसू लागली. त्यानंतर शिक्षकांचा फोन आला. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या एका अनोळखी विद्यार्थिनीने ‘नांद्रुक’ शोधताना त्यांचे एक पान वाचले होते आणि पानाफळांच्या छायाचित्रांवरून ते झाड नांद्रुक नसून पायर असावे, असे कळवले होते. मुले पुन्हा त्या झाडाखाली जाऊन आली. तिचे म्हणणे बरोबर होते.

आपली माहिती चुकीची आहे का, असे मुलांनी विचारले होते. एका नोंदीपुरते त्याचे उत्तर ‘हो’ असे मिळाले. ते पान कोणालाच दिसले नसते, तर ती चूक तशीच राहिली असती.